भीमेच्या वाळूत एक महिना

टायफॉइडमधून उठून माझा मित्र दवाखान्याबाहेर आला तेव्हा त्याची पँट सुतळीनं बांधलेली होती. पट्ट्याला नवी भोकं पाडून पाडून शेवटी त्यानं तो नाद सोडला होता. दौंडच्या रेल्वे दवाखान्यापासून आमच्या चाळीपर्यंतचा रस्ता काही फार नाही, पण त्या दिवशी तो सरता सरेना. तो थोडं चालायचा आणि बसायचा. कधी कुणाच्या पायरीवर, कधी रुळांखालून काढून रचून ठेवलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांवर. मी रात्रपाळी करून तसाच त्याला आणायला गेलो होतो. तो बसला की मीही बसायचो, आणि बसलो की माझे डोळे मिटायचे.

आम्ही यवतजवळच्या एकाच गावचे, एकाच वस्तीतले. आमच्या घरांच्या मधे एक भिंत होती आणि तीही अर्धी पडलेली. शाळेत बरोबर गेलो, शाळा सोडल्यावर पोटामागं दौंडला आलो तेही बरोबरच. रेल्वेत मात्र तो माझ्या पुढं गेला. तो फायरमन झाला, मी लोकोशेडमध्ये क्लीनरच राहिलो. फायरमन म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारणारा. मनमाडकडं जाणाऱ्या मालगाडीला चढ लागला की त्याचं फावडं थांबत नसे. क्लीनर म्हणजे शेडात आलेल्या इंजिनाची राख खाली खड्ड्यात ओढायची, तिच्यावर पाणी मारायचं, ती उपसायची आणि मग काळं इंजिन पुसून पुन्हा काळंच, पण जरा चकचकीत करायचं.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, "महिनाभर घरी राहा. चांगलं खा, सकाळ-संध्याकाळ हिंडा-फिरा, अंगात ताकद येऊ द्या. मग परत या, तपासू. तोवर इंजिनावर चढायचं नाही." बाहेर आल्यावर तिथल्या एका जुन्या माणसानं त्याला जास्तीची माहिती पुरवली की महिन्यानं नापास झालास तर हलकं काम देतील. कुठंतरी स्टुलावर बसवतील आणि मग ड्रायव्हर व्हायचं विसरून जायचं. डॉक्टरांच्या बोलण्यातलं त्यानं काय ऐकलं कुणास ठाऊक, पण हे शेवटचं मात्र त्याच्या कानात पक्कं बसलं.

दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला तो माझ्या दारात आला.

"उद्यापास्नं सकाळी नदीवर जायचं. तू आन् मी. जोर, बैठका, पळणं, समदं."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"मग मी एकटाच वाळूत उठाबशा काढू व्हय? लोक म्हनतील, ताप डोक्यात शिरला."

माझी बायको आत स्टोव्हला पंप मारत होती. ती तिथूनच म्हणाली, "भावजी, ह्यांची रातपाळी चालू हाय. सकाळी येत्यात ते भितीला धरून येत्यात."

"वैनी, महिन्याचा तर सवाल हाय."

"महिना तुमचा. मरणं ह्यांचं."

तो हसला, मीही हसलो, आणि त्या हसण्यात माझा होकार निघून गेला.

नदीवरच का, तर दुसरी जागा नव्हती. दौंड गावात तालीम होती. चांगली तांबडी माती, भिंतीला मुद्गल लावलेले, पोरं तेल चोळून आत शिरायची. आमच्या लहानपणी गावाकडच्या तालमीच्या दारात आम्ही दोघं तासन्‌तास उभे राहायचो. आत या असं कुणी म्हटलं नाही, जा असंही कुणी म्हटलं नाही. दौंडात तसं काही नसेलही. विचारलं असतं तर कदाचित या म्हणाले असते. पण विचारायचं कुणी? आम्ही तालमीचं नावसुद्धा काढलं नाही. सरळ भीमेकडं निघालो.

दिवाळी होऊन गेली होती. थंडी पडायला लागली होती. माझी पाळी सुटायची तेव्हा पूर्वेकडं नुसतं फटफटलेलं असायचं. शेडच्या फाटकाबाहेर तो घोंगडी पांघरून उभा असायचा. तिथून आम्ही रूळ ओलांडून नदीत उतरायचो. पाणी मागं सरून पलीकडच्या काठाला लागलेलं असे आणि अलीकडं पांढरी वाळू. रात्रीच्या दवानं ती इतकी गार झालेली असायची की पाय ठेवला की झिणझिण्या थेट गुडघ्यापर्यंत जायच्या.

पहिल्या दिवशी त्याला चार बैठकाही धड निघाल्या नाहीत. खाली बसला आणि वाळूला हात टेकून तसाच राहिला. मी हात दिला तर म्हणाला, "न्हाई. मला उठू दे." बराच वेळ गेला. मी उभ्या उभ्या पेंगत होतो. डोळे उघडले तेव्हा तो उठलेला होता आणि धापा टाकत माझ्याकडं रागानं बघत होता.

"तू मारल्यास का?"

"काय?"

"बैठका."

मग मी मारल्या. रात्रभर वाकून राख उपसलेली कंबर, त्यावर बैठका. त्या सकाळी घरी येऊन मी भाकरी खायला बसलो आणि हातात घास तसाच धरून भिंतीला टेकून झोपलो. बायकोनं घास काढून घेतला, हात पुसला आणि तसंच राहू दिलं. उठलो तेव्हा दुपार कलली होती. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा पाळी.

असे दिवस एकामागून एक गेले. आज आठवायला बसलो की ते वेगवेगळे आठवत नाहीत. एकच लांब सकाळ आठवते. गार वाळू, तोंडातून निघणारी वाफ, पलीकडच्या काठावर धुणं आपटणारी एखादी बाई, आणि दोन बाप्ये वाळूत आडवे पडून जोर मारतायत. गुराखी थांबून बघायचे. एकानं विचारलं, "कुस्ती हाय का कुटं?" मित्र म्हणाला, "हाय. डॉक्टरसंगं."

त्याच्या अंगावर मात्र हळूहळू मांस धरायला लागलं. बैठका वाढल्या, जोर वाढले. मग त्याला फावड्याची आठवण झाली. शेडात टाकून दिलेलं, कडा झिजलेलं एक फावडं मी मुकादमाला विचारून आणलं. मित्रानं वाळूत दोन मोठे दगड उभे केले, मधे भट्टीच्या दाराएवढी फट ठेवली आणि लांब उभा राहून त्या फटीतून पलीकडं वाळू फेकायला सुरुवात केली. डावीकडच्या कोपऱ्यात, उजवीकडच्या कोपऱ्यात, अगदी पुढं, अगदी दाराशी. दगडाला कण न लागता. तेव्हा तो आजारी वाटायचा नाही. तोंडानं इंजिनासारखा आवाज काढायचा आणि हातातलं फावडं नाचायचं.

"घे, तू मार," तो म्हणायचा.

माझी वाळू निम्मी दगडावर आदळायची.

"कमरंनं नगं फेकू, मरशील. मनगट फिरव. दारापाशी आलं की उलटं कर, आन् सोड. कोळसा आपसूक जातो."

"मला कुटं जायचंय भट्टीवर?"

"जाशील कवातरी. धर."

मी धरायचो. नाही म्हणायलाही त्राण लागतं आणि ते माझ्यात नव्हतं. त्या महिन्यात माझ्या जोडीचा दुसरा क्लीनर गावी गेला होता, त्यामुळं राखेचा खड्डा बहुतेक माझ्याच वाट्याला. खड्ड्यातल्या तापल्या राखेवर पाणी मारलं की जी वाफ उठायची ती नाकातोंडात जाऊन बसायची. सकाळी वाळूत पळताना खोकला यायचा आणि थुंकी काळी पडायची. तोही पळता पळता थांबायचा, छातीवर हात धरून वाकायचा. "टायफॉइडची कमजोरी," म्हणायचा. मी मान हलवायचो. मी स्वतःच इतका दमलेला असायचो की दमणं म्हणजे हे असंच असतं, सगळ्यांचं सारखंच असतं, अशी माझी समजूत झाली होती.

एकदा मात्र मी गेलो नाही. पाळी सुटल्यावर दुसऱ्या फाटकानं निघालो आणि गुपचूप घरी येऊन झोपलो. जरा वेळानं जाग आली तेव्हा बायको कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. दाराच्या फटीतून पाहिलं तर तो पायरीवर बसला होता. हातात चहाचा कप. मला उठव असं तो म्हणत नव्हता, रागावलेलाही दिसत नव्हता. नुसता बसला होता, म्हातारा माणूस दवाखान्याच्या ओट्यावर बसतो तसा. मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आलो. आम्ही नदीकडं चालू लागलो. मागून बायको म्हणाली, "दोघांचं बी डोकं फिरलंय." पण त्या दिवसापासून ती माझ्या डब्याबरोबर रोज एक उकडलेलं अंडं द्यायला लागली. दोन द्यायची खरं तर. एक त्याचं.

त्याची बायको बाळंतपणासाठी शिरूरला माहेरी गेलेली होती. महिना अर्ध्यावर आला असताना निरोप आला, मुलगी झाली. माझी सुट्टी होती. तो म्हणाला, "चल." एस.टी. बदलत, धुळीनं पांढरे होत आम्ही संध्याकाळी शिरूरला पोचलो. सासऱ्यांनी दारात जयभीम घातला, पाणी दिलं आणि जावयाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाव्हणं, लई वाळलात."

"गाडीवर काम लई पडतंय मामा."

"इंजिन मोठं असंल?"

"व्हय. मोठं हाय."

आजाराचं त्यानं सासरी काहीच कळवलं नव्हतं. पहिलटकरीण घाबरेल म्हणून, असं तो म्हणायचा. मुलीला मांडीवर घेऊन तो अवघडून बसला. जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मागच्या दारी गेलो तर त्याची बायको तिथं उभी होती, डोक्याला फडकं बांधलेली.

"भावजी, खरं सांगा. ह्यांची नोकरी हाय न्हवं?"

"हाय की वैनी."

"मग हे कामाचा दिस सोडून आले कसे? सुट्टी मागून ह्यांना कवा मिळत न्हाई."

"पोरगी झाली म्हणून दिली," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि आत गेली. नोकरी होती, हे खोटं नव्हतं. पण त्या रात्री मला लवकर झोप आली नाही, आणि झोप न येणं ही त्या महिन्यातली माझ्यासाठी नवलाची गोष्ट होती.

सकाळी त्यानं मला हलवून उठवलं. सासुरवाडीलाही खाडा नाही. घोडनदीच्या पात्रात उतरलो, जोर काढले, पळालो. परत येताना काठाचा चढ होता. मी पुढं होतो. मागं पावलं वाजेनात म्हणून वळलो तर तो चढाच्या मधे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभा होता. ओठ जांभळट दिसत होते. थंडीनं असतील, मला वाटलं.

"बस जरा."

"नगं. मामा वर उभं असतील." तो तसाच चढला. वर सासरे नव्हते, कुणीच नव्हतं. तो एका दगडावर टेकला आणि एकदम म्हणाला, "पोरीचा बाप डायवर व्हायला पायजे गड्या. स्टुलावर बसलेला न्हाई."

मी त्याच्या शेजारी दगडावर टेकलो. 

महिना सरला. तपासणीच्या दिवशी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला. मी बाहेर बाकावर बसलो आणि बसल्या बसल्या झोपलो. शिपायानं हलवलं. "आत बोलावलंय. पेशंटबरोबर कोण आहे म्हणून विचारलं."

आत मित्र टेबलावर उघडा बसला होता. डॉक्टर कानातली नळी काढून गळ्यात घालत होते. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी मला विचारलं, "हे घरी काय करत होते महिनाभर?"

"व्यायाम, साहेब. रोज. जोर, बैठका."

"जोर-बैठका कुणी सांगितल्या? मी फिरायला सांगितलं होतं."

 मित्र खाली बघत होता. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली, छातीवर, पाठीवर, काखेखाली, कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग त्याला विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?"

त्याला आठवेना. मला आठवलं. पाचवीत असताना तो कितीतरी दिवस शाळेत आला नव्हता. गुडघे फुगलेले होते आणि त्याची आई पानं तापवून बांधायची. मी अर्ध्या भिंतीवर बसून त्याला शाळेतल्या गोष्टी सांगायचो. मी ते सांगितलं. डॉक्टर हं म्हणाले आणि लिहायला लागले.

"हृदयाची झडप नीट बंद होत नसावी असं वाटतंय. मुंबईला मोठ्या दवाखान्यात पाठवतो, तिथं पक्कं कळेल."

"व्यायामानं झालं का साहेब?" मी विचारलं.

"नाही. हे जुनं आहे. पण आता जोर नको, बैठका नकोत, वजन उचलायचं नाही."

"आन् फावडं?" मित्रानं विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर आलो. ऊन चढलं होतं. मला वाटलं तो काहीतरी फेकेल, शिव्या देईल. त्यानं शर्टाची बटणं लावली आणि म्हणाला, "चल, तुला पाळी हाय. झोप जरा जाऊन." मी घरी येऊन खरंच झोपलो. बायकोनं काय झालं विचारलं तर सांगायला तोंड उघडलं आणि सांगता सांगता झोपलो.

मुंबईच्या दवाखान्यानंही तेच सांगितलं. त्याला हलकं काम मिळालं, कॉलबॉयचं. ज्या ड्रायव्हर-फायरमनची गाडी असेल त्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, कामावर बोलवायचं. माणूस बाप्या असो की म्हातारा, त्या कामाला कॉलबॉयच म्हणत. त्याच्या नशिबानं स्टूल नव्हतं, एवढंच. दिवसभर चाळीचाळीतून हळूहळू चालायचं. बायकोला आणि सासऱ्यांना त्यानं आता सगळं सांगितलं. ती तान्ही पोर घेऊन लगेच आली. दारात पाऊल टाकल्या टाकल्या माझ्याकडं बघून म्हणाली, "भावजी, तुमी बी!" नंतर त्या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

उन्हाळ्याच्या आधी फायरमनच्या जागा निघाल्या आणि क्लीनरांमधून माझं नाव गेलं. डोळे तपासले, छाती तपासली. डॉक्टर तेच. छाती फुगवा म्हणाले, फुगवली. "चांगली आहे," म्हणाले. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मग शेडात उभ्या इंजिनावर फावडं हातात दिलं. मी कोळसा मारला. डावा कोपरा, उजवा कोपरा, पुढं, दाराशी. शिकवणारा जुना ड्रायव्हर खाली उभा होता.

"कुठं शिकलास रे?"

"नदीत," मी म्हणालो. त्याला ती चेष्टा वाटली.

मी पास झालो. त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं असणार, कारण कॉलबॉयचा दिवस ऑफिसातच उगवतो. पण तो सांगायला आला नाही. मीही गेलो नाही. काही दिवस आम्ही एकमेकांच्या वाटा टाळल्या. नळावर त्याची बायको भेटली की माझी बायको घाईनं हंडा उचलायची. घरात कुणी आनंद केला नाही. बायकोनं शेवया केल्या त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

मग एका दुपारी दार वाजलं. मी उताणा पडलो होतो. बाहेरून आवाज आला, सगळ्या कॉलबॉयांचा असतो तसा, चढा आणि कोरडा.

"फायरमन! मनमाडची मालगाडी! चला!"

दार उघडलं. तो उन्हात उभा होता, कपाळावर घाम, हातात वही. मी सही केली. बायकोनं त्याला आत बोलावलं नाही, सरळ चहाचा कप पायरीवर आणून दिला. तो बसला.

"पैलीच गाडी न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"डायवर कोण हाय?" मी विचारलं.

त्यानं वहीत बघून नाव सांगितलं.

"चांगला हाय. शिव्या देतो, पण शिकवतो. पाणी जास्त पी. नगरच्या पुढं चढ लागंल तवा घाबरू नको. भट्टीचं दार कमी उघडं ठेव."

एवढं बोलायलाही त्याला मधे श्वास घ्यावा लागला. मी डबा घेतला, घोंगडी घेतली. तो उठला आणि आम्ही बरोबर निघालो. त्यानं माझं घर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, शेडाकडं परतण्याच्या वाटेवर. ते पुढंही तसंच राहिलं. माझी गाडी असली की तो आमच्याकडं सगळ्यांत शेवटी यायचा, पायरीवर चहा प्यायचा आणि फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालायचा. त्याची चाल हळू असे. चढ नसलेल्या रस्त्यावरही तो मधेच उभा राहायचा, उगीच कुणाच्या तरी परसातलं झाड बघितल्यासारखं करायचा. मीही बघायचो. उशीर होऊ नये म्हणून मी नुसती हाक ऐकली की अंगात कपडे चढवून तयार व्हायला शिकलो.

त्या पहिल्या फेरीहून परत आलो तेव्हा मला हात वर उचलवत नव्हते. बायकोनं अंघोळीचं पाणी अंगावर घातलं, जेवण भरवलं म्हटलं तरी चालेल. दुपारी कधीतरी जाग आली. बाहेर पायरीवर तो बसलेला होता, मांडीवर पोरगी. तिला अंगठ्यानं माझं घर दाखवत काहीतरी सांगत होता. मला उठलेला बघून म्हणाला, "झोप अजून. बोलवायला न्हाई आलो."

मी पुन्हा आडवा झालो.